नवी पाटी आणि तिच्यापुढचा माणूस



काल याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले. उद्या मधुमेहावर आहे. मधल्या दिवशी चिटणिसांनी मला उभे केले आहे, आणि विषय विचारला तेव्हा मी जो सांगितला तो ऐकून ते क्षणभर गप्पच झाले. संगणकाचे कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, जेथे तयार होते तेथे कामाची स्थिती दाखवणारी एक पाटी असते. ती पाटी आता बदलते आहे. नवी पाटी जुनीपेक्षा बरी की वाईट, हे कसे ठरवावे, यावर मी बोलणार आहे. युनियनच्या माणसाचा या गोष्टीशी संबंध काय, असे आपल्या मनात आले असेल. माझ्याही आले होते.

मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस आहे. जे शिकलो ते कारखान्यात, वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या बाकावर. तेव्हा तांत्रिक बाबतीत चूक झाली, तर या सभागृहात त्या धंद्यातली जी तरुण मंडळी बसली आहेत त्यांनी मला खुशाल थांबवावे. ती मंडळी पुष्कळ आहेत. एके काळी कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांतून माणूस परळच्या नाहीतर माटुंग्याच्या वर्कशॉपात, शहाड-आंबिवलीच्या गिरण्यांत, लोकोशेडमध्ये जाई. आज त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी ऐरोलीला आणि महाप्याला जाते. डबा तोच, गर्दी तीच. हातातले काम तेवढे बदलले.

असाच एक मुलगा गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आला. त्याचे वडील लोकोशेडात होते, आमच्या चळवळीतले. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे नवी पाटी येतेय. साहेबांनी सगळ्यांचे मत मागितले आहे. मत काय द्यायचे?"

मी म्हणालो, "दिसायला कशी आहे?"

"छान आहे."

"मग छान आहे असे लिही."

"तसे लिहिले असते हो," तो म्हणाला, "पण तिच्यावर आमची नावे येतात."

तेव्हा मी त्याला बसायला सांगितले.

आता ही पाटी कशाची, ते आधी सांगतो. सॉफ्टवेअर म्हणजे एक मोठे लिखाण असते आणि ते एकाच वेळी पन्नास-शंभर माणसे लिहीत असतात. पूर्वी प्रत्येक जण आपापला भाग महिनोन्महिने वेगळा लिही आणि शेवटी सगळे एकत्र जुळवायला बसत. जुळत नसे. एकाने दार डावीकडे ठेवलेले, दुसऱ्याने भिंत तेथेच घातलेली. म्हणून १९९० नंतरच्या दशकात त्या धंद्यातल्या जाणत्या लोकांनी असा मार्ग काढला की जुळवणी शेवटाला ठेवूच नये. प्रत्येकाने रोज, किंबहुना दिवसातून अनेकदा, आपला तुकडा मूळ लिखाणात मिळवावा आणि दर मिळवणीनंतर यंत्राने स्वतःच सारे तपासावे. याला ते 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' म्हणतात. आपण अखंड जुळवणी म्हणू.

ही तपासणी टप्प्याटप्प्याने होते, आणि त्या टप्प्यांच्या रांगेला पाइपलाइन म्हणतात. कल्याणच्या श्रोत्यांना हे समजावणे अवघड नाही. यार्डात गाडी तयार होते. डबे जोडले जातात, टीएक्सआर मंडळी गाडीखाली वाकून चाके आणि कपलिंगे पाहतात, ब्रेकचा दाब घेतात, सर्टिफिकेट लिहितात, मग ड्रायव्हर, मग सिग्नल. एका टप्प्यावर 'नाही' आले की गाडी हलत नाही. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. लिखाण उचलणे, त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणे, लहान परीक्षा, मोठ्या परीक्षा, बांधाबांध आणि रवानगी. अशी एक खेप कधी पाच मिनिटांत पुरी होते, कधी तासभर चालते, आणि मोठ्या ऑफिसात अशा शेकडो खेपा दिवसभर चालू असतात. डोळ्यांनी पाहण्यासारखे त्यात काहीच नसते. म्हणून पाटी लागते. पाटीवर दिवे. पास झाले की एक रंग, नापास झाले की लाल.

ही कामे करणारे जे प्रसिद्ध साधन आहे त्याचे नाव जेन्किन्स. त्याचा इतिहास मला त्या मुलाने सांगितला आणि मी तो नंतर वाचूनही काढला, कारण मला तो फार आवडला. कोहसुके कावागुची नावाचे जपानी गृहस्थ अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत नोकरीला होते. त्यांच्या लिखाणामुळे वरचेवर जुळवणी मोडे आणि सहकारी चिडत. म्हणून त्यांनी २००४ साली आपल्यापुरते एक यंत्र लिहायला घेतले: आपली चूक दुसऱ्याला कळण्याआधी आपल्याला कळावी! पहिले नाव हडसन. पुढे सन कंपनी ओरॅकलने घेतली, नावाच्या मालकीवरून तंटा झाला आणि २०११ च्या आरंभी ते लिहिणाऱ्या मंडळींनी मतदान घेऊन जेन्किन्स हे नाव घेतले. युनियनच्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. पण मला महत्त्वाचे वाटते ते आधीचे. हे साधन जन्माला आले ते कामगाराने स्वतःची चूक स्वतः पाहावी म्हणून. आरसा तो स्वतःसाठी घेतो. तोच आरसा मुकादमाच्या टेबलावर तोंड फिरवून ठेवला की त्याचे काय होते, हा माझ्या विषयाचा गाभा आहे आणि त्याच्याकडे मी येणारच आहे.

कावागुचींच्या पाटीवर पास झाल्याचा दिवा हिरवा नव्हता, निळा होता. जपानात वाहतुकीच्या हिरव्या दिव्यालाही निळाच म्हणण्याची रीत आहे, त्याचा हा परिणाम. जगभरच्या लोकांना ते इतके खटकले की निळे गोळे हिरवे करणारी एक स्वतंत्र जोडणी कोणी तरी लिहिली आणि ती अतिशय लोकप्रिय झाली. पुढे कित्येक वर्षांनी मूळ पाटीच हिरवी झाली. शिवाय त्या जुन्या पाटीवर हवामानाची चित्रे होती. मागच्या पाच खेपा चांगल्या गेल्या असतील तर सूर्य, नसतील तर ढग, फारच वाईट असेल तर वीज आणि पाऊस. मला हे चित्र पाहून हसू आले, पण विचार केला तेव्हा पटले. आजचा दिवा एक सांगतो, आठवड्याची हवा दुसरे सांगते. गिरणीत ज्याने काम केले आहे त्याला ठाऊक आहे की एक साचा आज बिघडणे आणि तोच साचा रोज बिघडणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

ही जुनी पाटी कुरूप होती. तिच्यावर वाढत वाढत इतकी बटणे झाली होती की नवख्याला घाम फुटे. आणि लाल दिवा दिसल्यावर कारण शोधायचे तर यंत्राने छापलेली सगळी नोंद वरपासून खालपर्यंत वाचावी लागे. हजारो ओळी. भिंतीला टेकून ठेवलेल्या गाठोड्यातून एक सुई. मागाहून टप्प्यांचा एक तक्ता तिला जोडण्यात आला, पण तो ठिगळासारखाच राहिला. म्हणून २०१६ साली ब्लू ओशन नावाची नवी पाटी जाहीर झाली आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. तिच्यावर टप्पे म्हणजे वर्तुळे, त्यांना जोडणारी रेघ, आणि एकाच वेळी चालणारी कामे त्या रेघेतून फुटून खाली जाणाऱ्या फाट्यांवर. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हणालो, अरे, हे तर आपले जंक्शन! एक रेघ कसाऱ्याला, एक कर्जतला. तफावत एवढीच की तिच्यावरचे फाटे पुढे पुन्हा एकत्र येतात. नापास झालेल्या वर्तुळावर बोट ठेवले की नेमकी तेवढ्याच पायरीची नोंद उघडते.

त्या मुलाच्या ऑफिसात येणारी पाटी दुसऱ्या एका कंपनीची आहे, पण घडण याच धर्तीची. ऑफिसातले एक अक्षरही बाहेर आणायचे नाही असे मी त्याला बजावले. त्याची गरजही नव्हती, कारण जेन्किन्स आणि ब्लू ओशन दोन्ही खुली आहेत, कोणीही फुकट घेऊन चालवावीत. तेव्हा डोंबिवलीला त्याच्या खोलीवर एका रविवारी पाच जण जमले. त्यातल्या दोघी मुली, एक अगदी नवखी. त्यांनी घरच्या लॅपटॉपवर एक छोटासा कार्यक्रम मांडला आणि मी त्यांना म्हणालो, "पाटी छान आहे की नाही हे कोणी सांगू नका. त्या कार्यक्रमात मुद्दाम बिघाड घाला, कोठे घातला ते दुसऱ्याला सांगू नका, आणि घड्याळ लावा." हे शहाणपण माझे नव्हे. नवीन यंत्र आले की आमच्या फिटरमंडळींची हीच रीत होती. माहितीपत्रक बाजूला ठेवायचे, यंत्र मोडून पाहायचे आणि दुरुस्त करायला किती वेळ लागतो ते मोजायचे.

निकाल मजेदार लागला. बिघाड कोठे आहे, हे नव्या पाटीवर सगळ्यांना झटकन दिसले. नवख्या मुलीला तर जुन्या पाटीवर सापडेचना. नव्या पाटीवर तिने पाहताक्षणी बोट ठेवले. जुन्याला सरावलेले दोघे मात्र नव्या पाटीवर आरंभी चाचपडले. त्यांची बोटे जुन्या जागी जात होती. त्यांना नवी पाटी 'हळू' वाटली, आणि मत विचारले असते तर त्यांनी ती नापसंत केली असती. पण बिघाड का झाला, हे समजायला दोन्ही पाट्यांवर जवळजवळ सारखाच वेळ लागला. जागा पाटी दाखवते, कारण मात्र माणसालाच काढावे लागते. साहेबलोक पाटीची किंमत ठरवताना पहिल्याची गणती करतात आणि मग म्हणतात, आता तीन माणसांच्या जागी दोन पुरतील.

श्रोतेहो, हा हिशेब मुंबईने एकदा पाहिलेला आहे. १९२८ साली गिरण्यांत कार्यक्षमतेच्या योजना आल्या. विणकराने दोनांऐवजी तीन साचे पाहावे, सूतखात्यात एकाने दोन बाजू सांभाळाव्या. त्यावर सहा महिने संप चालला, लाखाच्या वर कामगार बाहेर होते, आणि शेवटी फॉसेट कमिटी बसली. साचा थांबला की चटकन दिसतो, म्हणून एक माणूस जास्त साचे पाहू शकतो, हे त्या योजनेमागचे गणित होते. तेव्हा गिरणीतली जुनी माणसे म्हणत की साचा थांबलेला दिसतो हो, पण तुटलेला धागा जोडायला हात दोनच असतात.

आता मी चौथ्या बिघाडाकडे येतो. तो त्या मुलानेच घातला होता. परीक्षेच्या टप्प्यात त्याने एक ओळ अशी लिहिली की परीक्षेचा निकाल काही लागो, पुढे जा. परीक्षा चालली. नापास झाली. पुढे गेली. दोन्ही पाट्यांवर दिवा पास झाल्याचाच लागला. पाचांपैकी चौघांनी त्या खेपेकडे ढुंकूनही पाहिले नाही. पाहतील कशाला? पास झाली होती ना! पाचवा तो स्वतः, आणि तो गालात हसत होता. मला मात्र हसू येईना, कारण मी असा दिवा पूर्वी पाहिला आहे.

विशीत मी एका रसायनाच्या कारखान्यात मदतनीस होतो. नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. रात्रपाळी होती. भट्टीला थंड पाणी देणारा पंप चालू असल्याचा दिवा पाटीवर लागलेला होता. पाळीच्या रजिस्टरातही दर तासाला 'पंप चालू' अशी नोंद होती. प्रत्यक्षात मोटर आणि पंप यांना जोडणारे कपलिंग तुटले होते. मोटर फिरत होती, पंप स्थिर होता, पाणी बंद होते. दिवा कशाला जोडलेला होता? मोटरच्या स्टार्टरला. म्हणजे तो दिवा 'पाणी वाहते आहे' असे सांगतच नव्हता. 'बटण दाबलेले आहे' एवढेच सांगत होता. माल उकळून बाहेर आला. दोघे भाजले, देवाच्या दयेने जगले. आणि आरोपपत्र मिळाले ते पाटीपुढे बसलेल्या ऑपरेटरला, का तर त्याने लक्ष दिले नाही. मी त्याच्या बाजूने साक्ष दिली. चौकशी अधिकारी मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "दिवा लागलेला होता की नव्हता?" लागलेला होता. "मग पंप चालू होता ना?" हो म्हटले तर तो खोटारडा ठरतो, नाही म्हटले तर आंधळा ठरतो. साडेतीन वर्षांनी तो कामावर परत आला, मागील पगाराविना. मी युनियनमध्ये आलो तो त्या दिव्यामुळे.

हे दुःख आमच्या एका कारखान्याचे आहे असे मला बरीच वर्षे वाटत होते. नंतर वाचनालयात थ्री माइल आयलंडची हकिगत वाचली. अमेरिकेतले अणुवीज केंद्र, २८ मार्च १९७९ ची पहाट. दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि बंद व्हायच्या वेळी अडकली. पाटीवरचा तिचा दिवा विझला. लोकांनी समजले, झडप मिटली. पण तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता, झडपेला हुकूम देणाऱ्या विजेच्या गुंडाळीला जोडलेला होता. हुकूम सुटला म्हणून दिवा विझला. झडप दोन तासांहून अधिक वेळ उघडी राहिली, आणि तेवढ्यात पाटीवर शंभरावर धोक्याचे इशारे एकदम वाजत होते, तेव्हा कोणता पाहायचा आणि कोणता सोडायचा? प्रथम दोष चालकांवर आला. चौकशी आयोगाने मात्र पाटी, शिक्षण आणि व्यवस्था यांच्याकडेही बोट दाखवले.

आणि आपल्या घरचे उदाहरण तर ताजे आहे. २ जून २०२३, बहानगा बाजार, ओडिशा. कोरोमंडल एक्सप्रेसला सरळ मार्गाचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा होता लूपमार्गाकडे. लूपवर मालगाडी उभी. दोनशे नव्वदांहून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात कारण दिले आहे ते सिग्नलच्या तारांच्या जोडणीत केलेल्या बदलांतील चुकांचे, पूर्वीच्या आणि त्या दिवशी लेव्हल क्रॉसिंगच्या फाटकाचे काम चालू असतानाच्या. या गावात रेल्वेचे घर नाही अशी गल्ली नाही, म्हणून जास्त बोलत नाही. ड्रायव्हरने हिरवा पाहिला आणि गाडी नेली. त्याने दुसरे काय करायचे होते?

तेव्हा नव्या पाटीबद्दल माझा पहिला प्रश्न तिच्या रंगरूपाचा नाही. हा दिवा नेमका कशाला जोडलेला आहे? परीक्षा झाली याला, की परीक्षा पास झाली याला? परीक्षा मुळात गाळलेली असेल तर पाटी ते वेगळे दाखवते का? आणि नापास झालेली खेप पुन्हा पुन्हा चालवून तिसऱ्यांदा पास करून घेतली असेल, तर पहिल्या दोन वेळांचा पुरावा पाटीवर राहतो का? त्या धंद्यात लहरी परीक्षा असतात म्हणे. कधी पास, कधी नापास, लिखाण तेच. दिवस मावळता मावळता घाई असली की मुले ती परीक्षा हिरवी होईपर्यंत फिरवत बसतात. आपल्या शाळाखात्यात असली सोय असती तर मीही मॅट्रिक झालो असतो.

रंगांबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे, कारण ते लोक विसरतात. पुरुषांत काही जणांना जन्मतः लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. युरोपीय पुरुषांत असे शंभरात आठ असतात, आपल्याकडे काहीसे कमी. रेल्वेने ही गोष्ट फार लवकर ओळखली. स्वीडनमध्ये १८७५ साली लागेरलुंडा येथे अपघात झाला, त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या डॉक्टरांनी लोकरीच्या रंगीत लड्या ओळखायला लावून रेल्वेनोकरांची परीक्षा सुरू केली. आपल्याकडे ठिपक्यांच्या इशिहारा तक्त्यांनी आणि कंदिलाने ही परीक्षा होते, आणि तीत नापास झालेला माणूस कितीही हुशार असो, गाडी हाकू शकत नाही. ते योग्यच आहे, तेथे प्रवाशांचे जीव आहेत. पण सॉफ्टवेअरवाल्यांनी काय करावे? रंगाबरोबर आकार द्यावा. ब्लू ओशनने हे केले: पास झालेल्या वर्तुळात बरोबरची खूण, नापासात फुली. याबद्दल मी तिला पूर्ण गुण देतो. आमच्या रविवारच्या पाचांपैकी एकाने तेव्हा खालच्या आवाजात सांगितले की जुन्या पाटीवर तो रंग ओळखत नसे, गोळा कोणता ते लक्षात ठेवून वागे. त्याच्या ऑफिसात हे कोणालाही ठाऊक नव्हते.

आता नावांकडे. ज्याने शेवटचा तुकडा मिळवला त्याचे नाव खेपेसमोर दाखवणे ही कल्पना मुळात वाईट नाही. कोणाला विचारायचे ते कळते. जुळवणी मोडणाऱ्याची थट्टा करण्याची चाल त्या धंद्यात जुनीच आहे. कोठे त्याला विचित्र टोपी घालीत, कोठे लाल-हिरव्या शोभेच्या दिव्यांपैकी लाल दिवा सगळ्यांसमोर लावून ठेवीत. चार मित्रांत हे चालते. पण नव्या पाटीवर त्या मुलाने जे पाहिले ते वेगळे होते. प्रत्येकाच्या नावापुढे महिन्याभरातल्या लाल खेपांचा आकडा, आणि तो आकडा पाहण्याची परवानगी वरच्यांना. शेवटचा तुकडा ज्याचा, चूक त्याचीच, हे गृहीतच चुकीचे आहे. जाळे तुटले, यंत्रातली जागा संपली, दुसऱ्याने कालच भिंत हलवली, तरी लाल दिव्यावर नाव आजच्या माणसाचे. बहानग्याला हिरवा सिग्नल पाहून गाडी नेणाऱ्या माणसासारखेच हे.

आणि त्याचा कामावर होणारा परिणाम मी न सांगताही आपल्या लक्षात आला असेल. आकडा वाढू नये म्हणून माणसे तुकडे मिळवणेच लांबवतात. रोज मिळवायचे ते आठवड्याने मिळवतात. अवघड परीक्षा लिहीत नाहीत, कारण अवघड परीक्षा लाल होते. म्हणजे ज्या रोगावर अखंड जुळवणी हे औषध काढले, तो रोग परत. त्या मुलाने मला सांगितले की नवी पाटी नुसती दाखवायला आणली त्या पंधरवड्यातच त्याच्या गटात खेपांची संख्या उतरली. साहेबांना वाटले, चुका कमी झाल्या.

जपानचेच दुसरे उदाहरण घ्या. साकिची टोयोडा यांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा माग केला. आपल्या भिवंडीच्या मागांवरही आडवा धागा तुटल्यावर माग थांबवणारा काटा असतो. ही कल्पना पुढे मोटारीच्या कारखान्यात नेली: रांगेतल्या कोणाही कामगाराने दोरी ओढावी, दिवा लागावा, मुकादम धावत यावा, आणि वेळेत निस्तरले नाही तर रांग थांबावी. त्या दिव्याच्या पाटीला 'अँडॉन' म्हणतात. मी तिची भलावण करीत नाही, टोयोटाच्या कामाच्या गतीबद्दल तिथल्या कामगारांच्याही तक्रारी आहेत. पण एक भाग पाहा. दिवा लावण्याची दोरी कामगाराच्या हातात आहे, आणि दिवा लागला म्हणजे मदत येते. आमच्या मुलाच्या पाटीवर दिवा लागला म्हणजे फोन येतो. रात्री दोनलाही.

त्या ब्लू ओशनचे पुढे काय झाले, हे काहींना हवे असेल. तिने पाहण्याची बाजू फार सुधारली, पण कारभाराची कित्येक कामे तिच्यात आलीच नाहीत. त्यासाठी एका बटणाने जुन्या पाटीवर परत जावे लागे. टप्पे फार झाले की तिची रेघ पडद्याबाहेर जाई आणि आडवी सरकवावी लागे. अखेरीस जेन्किन्सच्या मंडळींनीच जाहीर केले की तिच्यात आता नवी भर पडणार नाही. टप्प्यांचे चित्र दाखवणारी एक साधी जोडणी तिच्या जागी पुढे आली आहे. जुनी, कुरूप पाटी मात्र टिकली, आणि हळूहळू तिचेही रूप सुधारले. यावरून जुने ते सोने असे मी म्हणत नाही. जुन्या पाटीवर ती नवखी मुलगी रडकुंडीला आली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण नवी पाटी आणणाऱ्याने जुनी लगेच काढून नेऊ नये, एवढे त्यावरून कळते.

तर त्या मुलाने मत काय लिहून दिले? आम्ही दोन रात्री बसलो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामाच्या काही अटी बदलण्यापूर्वी कामगारांना नोटीस द्यावी लागे आणि २१ दिवस थांबावे लागे. त्या कागदाची सवय मला आहे, म्हणून पहिला मसुदा माझ्या हातून आरोपपत्रासारखा उतरला. मुलाने तो वाचला आणि म्हणाला, "काका, हे पाठवले तर उद्या माझेच नाव लाल होईल." मग त्याने स्वतः लिहिले, सरळ, एका पानात. नवी पाटी बिघाडाची जागा लवकर दाखवते आणि नवख्यांना उपयोगी आहे, ती जरूर आणावी. गाळलेली परीक्षा आणि पुन्हा फिरवून पास केलेली परीक्षा यांना वेगळी खूण असावी. जुनी पाटी सहा महिने चालू ठेवावी. आणि माणसांच्या नावापुढचा लाल खेपांचा आकडा काढावा, किंवा तो ज्याचा त्यालाच दिसावा. खाली अकरा जणांनी आपली नावे घातली. युनियन नाही, वर्गणी नाही, झेंडा नाही, पण अकरा सह्या. मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.

उत्तर आले. जुनी पाटी सहा महिने राहील. गाळलेल्या परीक्षेला करडी खूण मिळाली, कारण ते त्या कंपनीच्या पाटीत आधीच होते, फक्त कोणी चालू केले नव्हते. आकड्याबद्दलच्या कलमावर साहेबांनी 'विचाराधीन' असे लिहिले आहे. हा शब्द मी तीस वर्षे वाचत आलो आहे. तो मुलगा आज सभेला येणार होता. त्याला रात्रपाळी लागली, म्हणून आला नाही. त्याच्या अकरा जणांपैकी दोघी समोर बसलेल्या मला दिसतात. मी नाव घेत नाही. पण मी काही तांत्रिक चूक केली असेल तर त्यांनी आता उठून सांगावे. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे.